कॉलमात अडकलेलं प्रोटीन

कावेरी अक्काच्या हाताला खडे येतात, असं त्या इमारतीत सगळेच म्हणायचे. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी कळायच्या. यंत्र अडलं तर तळमजल्यावरच्या गिरीराजला बोलवायचं, आणि खडे येत नसले तर तिसऱ्या मजल्यावरच्या कावेरी अक्काला.

खडे म्हणजे प्रोटीनचे स्फटिक. मिठाच्या कणाहून लहान, सूक्ष्मदर्शकाखाली बघितले तर कापलेल्या काचेसारखे स्वच्छ. घरी तिचा नवरा उमाजी त्यांना खडीसाखर म्हणायचा. तो चिकपेटेत, शहराच्या जुन्या बाजारात, साड्यांच्या दुकानात होता. गिऱ्हाईक कमी असलं की शेजारच्या दुकानदाराला सांगायचा, आमची बायको सव्वीस वर्षं सरकारी खर्चाने खडीसाखर करते, एकदाही घरी आणली नाही.

कावेरी राव मूळची चिकपेटेतलीच. घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी या कानडी मुलखात आलं. नेमकं कुणाबरोबर आणि कशासाठी, हे घरातला प्रत्येक माणूस वेगळं सांगतो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हींच्या मध्ये कुठे काय मिसळलं याचा कुणी हिशेब ठेवलेला नाही. तिची आई सोयराबाई ब्लाउजच्या बाह्यांवर जरीचं काम करायची. कावेरी रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाली आणि पंचविसाव्या वर्षी मल्लेश्वरमच्या पलीकडच्या संशोधन संस्थेत तांत्रिक सहायकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेली. रघुपती सर तेव्हा तरुण होते. त्यांनी प्रश्न एकही विचारला नाही. काचेची पट्टी आणि पिपेट पुढे ठेवलं आणि एकसारखे वीस थेंब मांडायला सांगितले. तिने मांडले. सरांनी पट्टी उजेडात धरून बघितली आणि सोमवारपासून या म्हणाले.

सरांचं सगळं आयुष्य एकाच गोष्टीमागे गेलं: जिवाणू साखर कशी धरतात. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीवर साखरेच्या रेणूंची बारीक लव असते. जिवाणूला आत शिरायचं तर आधी कुठेतरी टेकायला हवं, आणि त्यासाठी त्याच्याजवळ ती साखर पकडणारं प्रोटीन असतं. कावेरीला हे पहिल्या महिन्यात समजलं ते स्वतःच्या पद्धतीने. सुटलेल्या बसच्या दाराचा दांडा पकडतात तसं. दांडा एकदा मुठीत आला की मग माणूस पाय ठेवतो, आत सरकतो, जागा धरतो. मूठच बसू दिली नाही तर बस निघून जाते, माणूस रस्त्यावर राहतो. सरांना ही उपमा इतकी आवडली की परदेशातल्या पाहुण्यांनाही ते तीच सांगायचे. कुणाची आहे तेही सांगायचे.

ती मूठ कशी आहे हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी प्रोटीनचा स्फटिक करावा लागतो, त्यावर क्ष-किरण सोडावे लागतात, आणि मागे पडणाऱ्या ठिपक्यांवरून संगणक आकार काढतो. संगणकापुढे बसणारे पुष्कळ मिळतात. खडे करणारा हात मिळत नाही. सव्वीस वर्षांत सरांच्या हाताखालून बावीस जण डॉक्टर होऊन गेले. त्यांतल्या सतरा जणांचे खडे कावेरीने केले होते. प्रबंधात शेवटच्या पानावर तिचे आभार असायचे. तेवढं तिला पुरायचं, कारण शेवटचा ट्रे लावायची, म्हणजे प्रोटीनचे थेंब मांडायची, वेळ आली की सगळे तिच्या खुर्चीमागे उभे राहून श्वास धरायचे.

मग नयना आली.

नयना पुण्याची, एकतीस वर्षांची, डॉक्टरेट झालेली. आधी तिने विषाणूंच्या प्रोटीनवर काम केलं होतं, साखर पकडणारी प्रोटीनं तिला नवीन होती. नवरा रोशन बेळ्ळंदूरला सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून घरही तिथेच. रोज दोन तास जायला, दोन यायला. पहिल्या दिवशी कावेरीने फोनवर कुणाशी तरी मराठीत बोललेलं तिने ऐकलं आणि अक्षरशः धावत आली. "ताई, तुम्ही मराठी? किती क्यूट आहे तुमचं मराठी. परत बोला ना."

कावेरीला सगळी इमारत अक्का म्हणायची. ही ताई म्हणाली, आणि क्यूट म्हणाली. कावेरी हसली. तिच्या मराठीला आजवर कुणी काही म्हटलं नव्हतं, कारण घराबाहेर ते कुणी ऐकलंच नव्हतं. त्या संध्याकाळी पोळ्या लाटताना ती स्वतःशीच दोन-तीन वाक्यं बोलून बघत होती, यात क्यूट काय आहे म्हणून.

मत्सर मोठ्या गोष्टींनी येत नाही. सूक्ष्मदर्शकापुढचं स्टूल नयना उंच करून ठेवायची, तिची उंची कमी. डोळ्याला लावायच्या दोन नळ्या जवळ आणून ठेवायची. रोज सकाळी कावेरीला आपलं स्टूल खाली घ्यावं लागायचं, नळ्या लांब कराव्या लागायच्या. सव्वीस वर्षं ते सगळं तिच्या मापाचं होतं. मग कॉफी. सर आणि कावेरी अकरा वाजता एक कॉफी दोघांत घ्यायचे, अर्धी अर्धी, तशी पद्धतच होती. आता तीन पेले यायचे आणि सर नयनाच्या बोलण्यावर डोळे मिटून हसायचे. आपल्या बोलण्यावर असे ते कधी हसल्याचं कावेरीला आठवेना. तिने कधी विनोद केलाच नव्हता ही गोष्ट वेगळी.

एकदा नयनाला तिने घरी जेवायला बोलावलं. बोलावलं नसतं तर बरं दिसलं नसतं. नयनाने चिरोट्या खाल्ल्या, त्यांचे फोटो काढले, आपल्या आईला फोनवर दाखवल्या. उमाजी खूश. ती गेल्यावर म्हणाला, "काय गोड पोरगी आहे. बोलते कशी बघ, पुस्तक वाचल्यासारखं. आपल्याला का येत नाही ग असं मराठी?"

"तुम्हाला येत नाही. मला येतं," असं म्हणून कावेरीने भांडी जरा जोरातच घासायला घेतली.

हे सगळं तिने पचवलं असतं. पण जूनमध्ये सरांनी त्यांच्या शेवटच्या प्रोटीनचं काम वाटून दिलं. पुढच्या मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. भाजल्याच्या जखमांत आणि अशक्त फुफ्फुसांत घर करणारा एक चिवट जिवाणू आहे, त्याचं हे प्रोटीन. चार तुकडे एकमेकांना धरून बसलेले, प्रत्येकाच्या टोकाला एक खोबण. खोबणीच्या तळाशी कॅल्शियमचा एक कण, आणि त्याच्या आधाराने गॅलॅक्टोज नावाची साखर बरोबर बसते. सरांना याचे खडे निवृत्तीच्या आधी बघायचे होते. आणि त्यांनी सांगितलं की या वेळी सुरुवातीपासून खड्यांपर्यंत सगळं नयना करील. कावेरीकडे वळून ते कन्नडमध्ये म्हणाले, अक्का, पुष्कळ केलंत, आता स्वल्प विश्रांती घ्या.

विश्रांती. कावेरीने मान हलवली आणि सरी, म्हणजे बरं, म्हणाली. शेवटचा ट्रे आपल्या हातचा असावा एवढंच तिला हवं होतं. ते मागायचं कसं हे तिला कळलं नाही, कारण आजवर मागावं लागलं नव्हतं. सोमवारच्या मीटिंगलाही तिने जाणं सोडलं. तिथे आता पडद्यावर चित्रं दाखवत इंग्रजीत बोलायचे. ती गेली नाही आणि कुणी का आली नाहीस म्हणून विचारलंही नाही.

जुलैत सर मुलीच्या बाळंतपणासाठी पाच आठवडे अमेरिकेला गेले. ऑगस्टअखेर खडे इंदूरच्या मोठ्या क्ष-किरण यंत्रावर न्यायचे होते. तिथली तारीख सहा महिने आधी मागून मिळालेली, चुकली तर पुढची सरांच्या निवृत्तीनंतरच. नयनाचं पहिलं काम उत्तम झालं. जिवाणू वाढवले, फोडले, गाळले, प्रोटीन भरपूर दिसत होतं. उरला होता शेवटचा टप्पा. थंड खोलीत काचेचा उंच कॉलम उभा असतो, बारीक मण्यांनी भरलेला. वरून प्रोटीन सोडायचं, ते मण्यांमधून वाट काढत खाली येतं, आणि यंत्राच्या पडद्यावर त्याचा डोंगर उमटतो.

डोंगर उमटला नाही. सरळ रेघ आली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

कावेरी दारातून बघत होती. रेघ बघितल्याबरोबर तिला कळलं. नऊ वर्षांपूर्वी तिच्याच हातून असंच एक प्रोटीन नाहीसं झालं होतं, दोन दिवस ती जेवली नव्हती. तेव्हा सरांनी हसत समजावलं होतं. ते मणी कशाचे असतात, अक्का? समुद्रातल्या शेवाळाचे. आपण चायना ग्रास घालून दुधाची वडी पाडतो ना, त्याच जातीचे. आणि चायना ग्रास म्हणजे काय, तर एकात एक ओवलेली साखरच, गॅलॅक्टोजच. गॅलॅक्टोज धरणारं प्रोटीन तुम्ही साखरेच्या मण्यांवर ओतलंत. ते कशाला खाली येतंय? ते घरी पोचलं. त्याला खाली आणायचं तर गॅलॅक्टोजचं पाणी वरून सोडायचं. पाण्यातली साखर मिळाली की ते मणी सोडतं.

एका वाक्याचं काम होतं. कावेरी दारातून मागे फिरली आणि काचेच्या पट्ट्या धुवायला गेली.

नयनाला वाटलं, प्रोटीन वाटेत फुटलं. पुढच्या आठवड्यात तिने नवीन केलं, बर्फात जपून आणलं, परत घातलं. परत सरळ रेघ. तिसऱ्या वेळी तिने मीठ बदललं, वेग बदलला. रेघ तशीच. अमेरिकेतून सरांचा फोन यायचा तेव्हा ती चाललंय सर, असं म्हणायची. तीन वेळा हरवलं हे सांगायची तिला लाज वाटत होती, आणि कावेरीला ती लाज दिसत होती. कॉलम धुणं हे कावेरीचं काम. दर वेळी तिखट औषधाने तो खरवडून धुवायचा असतो. त्या तीन आठवड्यांत तिने तो नुसत्या थंड पाण्याने धुतला. असं का करतेस, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही.

आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. अकराच्या कॉफीला नयना गप्प असायची. डोळ्यांखाली काळं आलं होतं. कावेरी घरी भाजीला फोडणी घालताना गुणगुणायची. उमाजी म्हणाला, आज स्वारी खुशीत, काय खडीसाखर झाली वाटतं. ती म्हणाली, माझी नाही, कुणाचीच नाही झाली.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी नयना थंड खोलीत स्वेटर घालून जमिनीवर बसली होती. कावेरी बाटली न्यायला आत गेली.

"ताई, एक विचारू?" नयनाने मान वर न करता विचारलं. "तुमच्या काळात असं कधी झालं होतं का? प्रोटीन कॉलममध्ये घातलं आणि बाहेरच आलं नाही, असं?"

तुमच्या काळात. कावेरीने बाटली उचलली.

"नाही ग," ती म्हणाली. "आमच्या काळात घातलेलं बाहेर यायचं."

शुक्रवारी नयना चुलतबहिणीच्या साखरपुड्याला पुण्याला गेली, आठवड्याभरासाठी.

शनिवारी दुपारी इमारत रिकामी होती. कावेरीने उमाजीला स्वल्प उशीर होईल असा निरोप दिला, शाल पांघरून थंड खोलीत गेली आणि कॉलमच्या वरून गॅलॅक्टोजचं पाणी सोडलं. वीस मिनिटं रेघ सरळ. मग ती वर उठायला लागली. उठत गेली, पडद्याच्या वरच्या कडेला टेकली. तीन आठवड्यांचं प्रोटीन, तिन्ही वेळचं, एकदम खाली येत होतं. थंडीने बोटं बधिर झालेली असतानाही कावेरीला घाम फुटला.

हे कुणाचं प्रोटीन आहे, हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला. तिने त्याला उत्तर दिलं की ते मीच सोडवलं. मग तिने ते घट्ट केलं, अर्ध्याहून जास्त वापरून चार ट्रे लावले. एका ट्रेमध्ये चोवीस खळग्या. प्रत्येकीवर काचेची गोल चकती, चकतीच्या खालच्या अंगाला लोंबता थेंब. चकती उलटी करताना थेंब हलता कामा नये, आणि कडेच्या ग्रीसवर ती अशी बसवायची की हवा आत जाऊ नये. शहाण्णव थेंब तिने एका बैठकीत मांडले. उरलेल्या प्रोटीनची नळी खोक्यात ठेवली आणि खोक्यावर आपलं नाव लिहिलं. असं तिने सव्वीस वर्षांत कधी केलं नव्हतं.

पाचव्या दिवशी खडे आले. एकाच ट्रेमध्ये अकरा ठिकाणी, सहा बाजूंचे, धारदार. ती त्यांच्याकडे बघत बसली. अमेरिकेहून परतलेले सर आणि पुण्याहून परतलेली नयना दोघंही सोमवारी असणार होते. तिने ठरवलं, दोघांसमोरच दाखवायचे.

सोमवारी सर नातवाचे फोटो दाखवत आत आले. मग नयनाने तोंड उघडण्याच्या आधी कावेरी म्हणाली, सर, इकडे बघा. सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. बराच वेळ बघितलं. नयना दोन पावलं मागे उभी होती. तिला अजून काही कळलं नव्हतं.

"सुंदर," सर म्हणाले. मग डोळे न काढता त्यांनी विचारलं, "कॉलममधून सोडवलंत कशाने, अक्का?"

"गॅलॅक्टोजने."

सरांनी डोळे काढले, चष्मा लावला. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. त्यांनी समजावून सांगितलं की खालच्या मजल्यावरच्या रसायनवाल्यांनी एक खोटी साखर तयार केली आहे. ती खोबणीत बसली की जिवाणूची मूठ अडते. तीच खोबणीत कशी बसते हे बघायचं होतं. म्हणजे खोबण रिकामी हवी. या खड्यांत सगळ्या खोबण्यांत खरी साखर बसलेली आहे. असला आकार पंचवीस वर्षांपूर्वीच जगाला कळलेला आहे. सोमवारच्या मीटिंगमध्ये हे सगळं बोलून झालं होतं.

कावेरीचे कान गरम झाले. खोट्या साखरेबद्दल तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती मीटिंगला गेली नव्हती.

सरांनी नयनाला विचारलं, किती आठवडे कॉलममध्ये हरवत होतं. नयनाने तीन असं सांगितलं. मला का नाही कळवलं, असं ते म्हणाले, आणि एकाएकी त्यांच्या दुसरी गोष्ट लक्षात आली. त्यांनी कावेरीकडे बघितलं. ही चूक नऊ वर्षांपूर्वी कुणी केली होती ते त्यांना पक्कं आठवत होतं. मग ते वळून आपल्या खोलीत गेले.

दोघीच राहिल्या.

"तुम्हाला माहीत होतं," नयना म्हणाली.

"होतं."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या रेघेपासून."

"मी विचारलं होतं तुम्हाला. खाली बसून विचारलं होतं." तिचा आवाज चांगलाच टणक होता. "पुण्याला मी घरी सांगून आले की मला हे जमत नाही, मी सोडतेय. आई म्हणाली, सोड. का नाही सांगितलंत?"

कावेरीला दहा उत्तरं सुचली. तुझ्या ध्यानात यायला हवं होतं, तू शिकलेली आहेस, मला कोण विचारतं. पण सगळी तोंडात येऊन बेचव लागली.

"तू आल्यापासून मी जळते," ती म्हणाली. "तुझ्या बोलण्यावर, तुझ्या हसण्यावर. माझा नवरा तुझं नाव काढतो त्यावर पण. हे प्रोटीन तुला दिलं तेव्हा रात्रभर झोपले नाही. तू हरलीस की मला बरं वाटायचं. अजून विचारशील तर अजून सांगते."

नयना म्हणाली, "नको, पुरे," आणि पाणी प्यायला गेली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही.

कावेरीच्या खोक्यातली नळी नयनाने घेतली. तिच्यातली साखर काढायला प्रोटीन बारीक छिद्रांच्या पातळ पिशवीत भरून साध्या पाण्यात बुडवायची, पाणी बदलत राहायचं. दोन दिवस दोघी आळीपाळीने पाणी बदलत होत्या आणि एकमेकींशी फक्त वेळेपुरतं बोलत होत्या. साखर निघून गेली, पण आधार सुटल्यावर थोडं प्रोटीन गढूळ होऊन बसलं. राहिलं ते एका ट्रेपुरतं. त्यात खोटी साखर मिसळली. नवीन करायला वेळ नव्हता. इंदूरची तारीख अठरा दिवसांवर होती.

बुधवारी सकाळी सर आले. एकच ट्रे आहे, एक थेंबही वाया जाऊन चालणार नाही, असं म्हणाले. मग नळी कावेरीसमोर ठेवली. "तुम्ही लावा, अक्का."

हेच तिला हवं होतं. दोन महिने हेच हवं होतं, आणि आता ते नयनाच्या समोर, न मागता आलं होतं. नयना वळून आपल्या टेबलाकडे निघाली. तिची पाठ ताठ होती. कावेरीने नळी हातात घेतली. ती बर्फासारखी गार होती. यातला प्रत्येक थेंब त्या पोरीने तीनदा केला आणि तीनदा हरवला, आणि सापडला तेव्हा खोक्यावर कावेरीचं नाव होतं. या प्रोटीनचे खडे आपल्या हातून आले तर लोक काय म्हणतील ते तिला माहीत होतं. अक्काचा हात. आणि ते ऐकताना आपल्याला काय वाटेल तेही माहीत होतं.

"नयना, ये," ती म्हणाली. "तू बस. मी सांगते."

"सर तुम्हाला म्हणाले."

"ऐकलं मी. माझे कान चांगले आहेत. बस लवकर, गरम होतंय."

नयना बसली. कावेरी मागे उभी राहिली आणि सांगत गेली. चकतीला बोटाचा तेलकटपणा लागू देऊ नकोस. थेंब सोडल्यावर पिपेटचं टोक सरळ वर घे, तिरकं नाही, बुडबुडा शिरतो. उलटी करताना मनगट फिरवू नकोस, कोपर फिरव. सहाव्या थेंबाला नयनाची चकती कलली आणि थेंब ओघळला. कावेरीच्या तोंडातून चक असा आवाज निघाला. नयना म्हणाली, ताई, तो आवाज काढू नका. कावेरी म्हणाली, सरी, आणि पुढचे अठरा तोंड घट्ट मिटून बघितले. तीन थेंब तिला मनापासून आवडले नाहीत, ते सांगितलेही नाही.

नंतरचे दिवस रोज सकाळी आधी कावेरीच ट्रे बघायची. ती साडेआठला पोचायची, नयना बेळ्ळंदूरहून दहाच्या आत येऊच शकत नव्हती. तीन दिवस स्वच्छ थेंब. चौथ्या दिवशी काही ठिकाणी धुरकट. मनात कुठेतरी तिला वाटायचं, नाही आले तर. नाही आले तर लोक म्हणतील, अक्काने लावायला हवे होते. हा विचार ती हाकलायची आणि तो परत यायचा.

नवव्या दिवशी, सतराव्या खळगीत, तीन खडे होते. लहान, पण कडा नीट. त्या वेळी जे वाटलं तो आनंद नव्हता, हे कावेरीने स्वतःपाशी कबूल केलं. ते मिठाचे असतील असंही वाटलं. मिठाचे खडेही असेच दिसतात. सुईने दाबले की मिठाचा कटकन तुटतो, प्रोटीनचा मऊ चुरा होतो. त्यासाठी एक खडा बळी द्यावा लागतो. सुई शेजारीच होती. तिने ती उचलली नाही, फोन उचलला.

नयना रिक्षात होती, हेब्बाळच्या अलीकडे वाहतुकीत अडकलेली. "आले?" ती म्हणाली. आणि मग, "मिठाचे नाहीत ना?"

"मी सुई लावली नाही. तुझे आहेत, तू लाव."

सव्वादहाला नयना जिना चढून धापा टाकत आली. तिने एक खडा सुईने दाबला. तो मऊ फुटला. तिने दोन्ही हात तोंडावर धरले. सर आले, त्यांनी बघितलं, तिच्या खांद्यावर थोपटलं. तळमजल्यावरून गिरीराज आला. कावेरी भिंतीपाशी उभी होती. कुणी तिच्या खुर्चीमागे श्वास धरून उभं नव्हतं, कारण खुर्चीत दुसरीच होती.

उरले दोन. ते इंदूरपर्यंत टिकायचे तर थेंबातून धाग्याच्या बारीक फासाने उचलून अतिथंड द्रव नायट्रोजनमध्ये एका झटक्यात बुडवायचे असतात. हे सगळ्यात अवघड. नयनाने फास हातात घेतला आणि मागे वळून बघितलं.

"ताई, हे तुम्ही कराल?"

"तू कर. पहिला मोडेल तुझा. दुसरा मोडणार नाही."

"मोडला तर?"

"तर एक उरतो. इंदूरला एक पुरतो."

नयनाने फास थेंबात घातला. तिचा हात घाईत होता. फासाची कड खड्याला लागली आणि तो मधोमध चिरला. कावेरीला बरं वाटलं. स्पष्ट, उघडं बरं वाटलं, श्वास आत घ्यायला लागतो तेवढा वेळ. मग तिने पुढे वाकून दिवा जरा डावीकडे सरकवला, म्हणजे खड्याची सावली उजवीकडे पडेल आणि कड दिसेल.

"आता खड्याच्या खालून जा," ती म्हणाली. "वरून नाही. त्याला कळू न देता."

नयना खालून गेली.